तात्यांच्या उजव्या मनगटावरची बोटं

आमच्या वॉर्डात कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की सगळ्यात मोठ्यानं हसणारी मी. सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. माणसं जाताना पाहिलीत, गेलेल्यांचे डोळे मिटलेत, त्यांच्या हातातल्या सुया काढल्यात आणि घरी जाऊन त्याच हातांनी भाकरी थापल्यात. रिकाम्या बेडवरून आवाज येतो म्हणणाऱ्या नव्या मुलींना ऑक्सिजनच्या नळीतली गळती दाखवून मी गप्प केलंय. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही... मीही हसले असते.

दवाखान्याचं नाव देत नाही. लोहारा तालुक्यात, सास्तूरपासून फार लांब नाही, एवढं पुरे. बैठी इमारत, पुरुष वॉर्डात दहा बेड. चार नंबरचा बेड खिडकीला लागून आहे. खिडकीतून कडुलिंब दिसतो आणि त्याच्या सावलीत उभी राहणारी ॲम्ब्युलन्स. माणसांची नावं मी बदलली आहेत. आणि एक आधीच सांगते — यातलं जे काही घडलं ते दिवसा घडलं, भरल्या वॉर्डात, डब्यांचा वास आणि नातेवाइकांचा गोंगाट चालू असताना.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तात्यांना चार नंबरवर घेतलं. गावात लहानथोर सगळे त्यांना तात्याच म्हणायचे, म्हणून आम्हीही. वय पंचाहत्तरच्या आसपास. उंच, हाडापेराचा माणूस, तळहाताला आयुष्यभराचे घट्टे. लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता, किडन्या हळूहळू हात टेकत होत्या आणि सोडियम इतकं खाली गेलं होतं की ते भ्रमात होते. सोलापूरला आठ दिवस आयसीयूत ठेवून झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी घरच्यांना समजावून सांगितलं, आता घरी न्या.

घरी सलाइन कोण लावणार? म्हणून मुलगा त्यांना आमच्याकडं घेऊन आला. मुलाचं नाव महादेव. चाळिशीतला, गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर कामाला. डावा पाय थोडा ओढत चालायचा. सोबत त्याची आई, भागाबाई. तिला मी आजी म्हणायचे.

"सिस्टर, हितंच ठिवा त्यान्ला," महादेव म्हणाला. "सोलापुरात कोण वळखीचं न्हाय. हितं निदान गावचं माणूस तोंड दावून जाईल."

आमच्या डॉक्टर मॅडमनी कागद वाचले, पोट दाबून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अँटिबायोटिक आणि सलाइन चालू ठेवू. आशा फार देऊ नका."

आता थोडं माझ्या कामाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोक 'हातात सुई आहे' म्हणतात, पण सुई लगेच बाहेर काढतात. आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. ती शिरेत घालणं हे अर्धंच काम. ती तिथं टिकवणं हे उरलेलं अर्धं, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी आधी कागदी पट्टी नळीच्या पंखांखालून घेऊन वर उलटी वळवते. मग गॉझ. मग सलाइनच्या पाइपचा एक छोटा वेढा करून तो वेगळ्या पट्टीनं हातावर चिकटवते — म्हणजे कुणी पाइप ओढला तर हिसका वेढ्याला बसतो, शिरेला नाही. कोपराजवळ असेल तर सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्याला कापूस गुंडाळून हाताखाली बांधते, म्हणजे हात वाकत नाही. वर क्रेप बँडेज, पण नळीचं तोंड उघडं. सूज आली, लाली आली तर दिसायला हवी ना! माझ्या सोबतच्या सिस्टर चेष्टा करतात, तू सलाइन लावत नाहीस, बाळंत्यात गुंडाळतेस.

पण तात्यांपुढं माझी सगळी कला हरली.

पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा सलाइन उपटली. दुसऱ्या दिवशी तीनदा. डावीकडं लावली की उजव्या हातानं, उजवीकडं लावली की दातानं. भ्रमातल्या माणसाच्या अंगात कुठून जोर येतो कोण जाणे.

"तात्या, हात लावू नका. औषध जातंय त्यातून."

"कसलं औषिद? दावं हाय ह्ये. सोडा मला, लई काम पडलंय."

उजव्या पंजाला कापूस आणि गॉझचा मोठा बोजा बांधला. दातानं सोडला. मॅडमच्या परवानगीनं, महादेवला विचारून हात कॉटला बांधला — दोन बोटं आत जातील इतका सैल, दर दोन तासांनी सोडायचा. त्यांनी एवढी ओढाताण केली की कोपराच्या खालचं कातडं सोललं. आजी पदर तोंडाला लावून बघत होती. मला ते बघवेना. मी पट्टी सोडली आणि महादेवला सांगितलं, आता तुम्हीच बसा हाताजवळ.

तो बसला. पण घरातला कर्ता तो एकटाच. सोलापूरपासूनचं जागरण झालेलं. बसल्या बसल्या मान पडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हात सुजून निळे झाले होते. पायाच्या शिरा आधीच गेलेल्या. मानेतून लाइन घालायची सोय आमच्याकडं नाही आणि घरचे परत सोलापूरला जायला तयार नव्हते. मी वीस मिनिटं स्टुलावर बसून डावा हात बोटांनी चाचपडला. कोपराच्या खाली, आतल्या अंगाला एक शीर लागली... भिजलेल्या दोऱ्यासारखी बारीक. निळी, बावीस नंबरची नळी आत गेली, रक्त मागं आलं. मी श्वास सोडला. मॅडम मागं उभ्या होत्या.

"ही गेली तर दुसरी नाही हं," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात कधी बांधला नसेल इतक्या काळजीनं तो हात बांधला.

त्या दिवशी मला डबल ड्यूटी होती. दुपारी अडीचच्या सुमाराला मी तीन नंबरच्या पेशंटचं बीपी घेत होते. चार नंबरकडं माझी पाठ नव्हती, तोंड होतं. महादेव डबा धुवायला गेला होता. आजी कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली. खिडकीतून ऊन सरळ तात्यांच्या छातीवर पडलं होतं.

तात्यांचा उजवा हात उठला. सरळ डाव्या हाताकडं निघाला. मी बीपीचा फुगा टाकून उठणार... तेवढ्यात तो हात थांबला. पट्टीपासून वीतभर अंतरावर.

थकून पडला असता तर समजलं असतं. तो पडला नाही. हवेत तसाच राहिला — ताणलेला. दंडाचं उरलंसुरलं मांस थरथरत होतं, बोटं पट्टीकडं वळवळत होती, पण मनगट पुढं सरकत नव्हतं. आपण एखाद्याचं मनगट धरून मागं ओढतो ना, तसं.

मी जवळ गेले. पेटका आला असेल असं वाटलं. हात धरून पुढं, डाव्या हाताच्या बाजूला सारून पाहिला. सरकेना. मागं, अंथरुणाकडं नेला तर हलका फुलासारखा गेला. सोडला की पुन्हा पुढं निघाला आणि पुन्हा त्याच जागी अडला.

आणि मग मला ते दिसलं. मनगटाच्या वरच्या बाजूला चार ठिकाणी कातडी आत दबली होती. बोटानं दाबल्यावर रक्त बाजूला होऊन जसा पांढरा ठिपका पडतो, तसे चार ठिपके. एका ओळीत. खालच्या बाजूला एक. दाबणारं काही नव्हतं. माझी सावली पडत होती म्हणून मी बाजूला झाले, भर उन्हात नीट पाहिलं. पांढरे ठिपके तसेच.

तात्या हळू आवाजात बोलत होते. चिडून नाही. विनवणी करत होते.

"सोड गं. सोड, बाळ. दादा तिकडं हाय. म्या येतो माघारी... सोड."

मिनिटभरानं हात खाली पडला. ठिपके लाल झाले. संध्याकाळपर्यंत तिथं जांभळे डाग उठले.

मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाल्या, "म्हातारी कातडी आहे, जरा दाबलं तरी रक्त साकळतं. बांधल्याचे वळ असतील. आणि सोडियममुळं असे झटके येतात."

मी हो म्हटलं. खरंच मला तेव्हा ते पटलं. पण बांधल्याचा वळ पट्टीसारखा आडवा असतो आणि आम्ही हात कोपराखाली बांधला होता, मनगटाला नाही. शिवाय... मी माझी बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली. बसेनात. डाग फार जवळजवळ होते. माझी मुलगी पहिलीत आहे. तिची बोटं बसली असती.

फोटो का काढला नाही, असं विचाराल. पेशंटचे फोटो काढायचे नाहीत, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

पुढचे दोन दिवस तेच. दिवसातून चार-पाच वेळा हात उठायचा, वीतभर अलीकडं अडायचा, तात्या विनवायचे, हात पडायचा. सलाइन चालू राहिली. नळीच्या तोंडाशी ना सूज, ना लाली. इतकी बारीक शीर एवढ्या जड औषधाला एक दिवस तरी टिकते का, अशी मला शंका होती. ती टिकली. ताप उतरला. चौथ्या दिवशी तात्यांनी आजीला ओळखलं, "जेवलीस का?" एवढं विचारलं आणि पुन्हा भ्रमात गेले. महादेवच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं. मला माहीत होतं, लघवी जवळजवळ बंद आहे, रिपोर्ट रोज बिघडतायत. पण मी सलाइनची बाटली बदलून पुढच्या बेडकडं वळले.

पाचव्या दिवशी सकाळी ते महादेवनंही पाहिलं. तोवर तो डबा, औषधं, झोप यात होता. मी पट्टी बदलत होते, म्हणून डावा हात माझ्या मांडीवर होता. उजवा उठला आणि अडला. महादेव कॉटच्या पलीकडं उभा. त्यानं वाकून मनगट पाहिलं. बराच वेळ.

"सिस्टर, ह्ये काय हाय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"सोड गं," तात्या म्हणत होते. "दादा हाका मारतोय. त्येचा आवाज बारीक झालाय बघ. सोड."

महादेवचा चेहरा बदलला. "दादा मला म्हणायची. सुमी. माझी बहीण. भूकंपात गेली. पहिलीत घातली हुती नुकतीच." मग माझ्याकडं पाहून घाईघाईनं म्हणाला, "झोपेतच गेली ती. तिला कळलंबी न्हाय. तात्यांनीच सांगितलंय तसं."

 पायथ्याशी बसलेल्या आजीनं मान खाली घातली आणि लुगड्याचा काठ बोटांत चुरत राहिली. महादेव आईकडं वळला.

"आई?"

"गप ऱ्हा," ती म्हणाली.

"आई, तात्या कुणाला सोड म्हणत्यात?"

आमच्या भागात भूकंपाचं कुणी कुणाला विचारत नाही. प्रत्येक घरात काहीतरी आहे. मी ट्रे उचलून निघायला लागले, तर आजीनंच माझ्या साडीचा काठ धरला. तिला बहुतेक एकट्या मुलासमोर ते बोलणं झेपणार नव्हतं. मी स्टुलावर बसले.

ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"गणपती बोळवून आलो आन झोपलो. मग सगळं खाली आलं. दगडमातीचं माळवद, काय ऱ्हातंय? म्या कमरेपतूर गाडलेली. हलता यीना. ह्यान्ला दाराच्या चौकटीनं वाचवलं. उजाडलं तव्हा मला दिसाया लागलं. सुमीचा हातच तेवढा वर. बाकी सगळी दगडाखाली. पण जित्ती हुती, सिस्टर. बोलत हुती. तात्या म्हनून ह्यान्चं मनगट धरलेलं तिनं. आन हिकडं ह्यो..." तिनं महादेवकडं बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "ह्यो आढ्याच्या पलीकडं. पाय अडकलेला. आधी मोठ्यानं वरडत हुता, मग आवाज बारीक व्हया लागला. गावात कोण कुनाला मदतीला न्हाय, ज्येच्या त्येच्या घरी त्येच. एकच मानूस आन दोन लेकरं. सुमीच्या अंगावर आख्खी भिंत. ती एकट्या मानसाच्यानं निघनारी नव्हतीच. ह्यान्ला कळत हुतं. मलाबी कळत हुतं."

महादेव उभाच होता. कॉटचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरलेला.

"ती सोडंना. ह्ये म्हनत हुते सोड, दादाला काढतो आन येतो. ती सोडंना. लेकरूच ते. मग ह्यान्नी तिची बोटं सोडवली. येक येक करून. चार बोटं. म्या बघत हुते, म्या कायबी बोलले न्हाय. दादाला भाईर काढला. माघारी फिरले तर पुन्ना हादरलं आन उरलेली भिंत बसली... पाऊस लागला. हात दिसत हुता पर गार झालता."

वॉर्डात दहाही बेड भरलेले होते. सहा नंबरवर कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट बघत होतं. आजी म्हणाली, "त्या दिसापासून आमी दोघांनीबी कंदी ह्ये काढलं न्हाय. आपसांतबी न्हाय."

महादेव बाहेर गेला. मला खिडकीतून तो दिसत होता. कडुलिंबाखाली, ॲम्ब्युलन्सच्या मागच्या पायरीवर बसला होता. रडत नव्हता. आपल्या डाव्या पायाकडं बघत होता. तास-दीड तास तसाच.

परत आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तोंड धुऊन आला होता. तात्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसला. थोड्या वेळानं हात उठला. निघाला. अडला. तात्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी वाहत होतं आणि कानात शिरत होतं. "सोड गं... सोड."

महादेवनं वाकून त्या हवेत अडलेल्या हाताचा पंजा दोन्ही हातांत घेतला. मी पाच नंबरपाशी औषध भरत होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"सुमे," तो म्हणाला. "सोड आता. म्या हाय. म्या धरलाय."

हात एकदम सैल पडला. दोरी कापल्यासारखा. तात्यांनी एक लांब श्वास घेतला आणि त्यांना झोप लागली. खरी झोप. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. आजी उठून उभी राहिली, तिनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.  मला वाटलं, चला... काही असो, सुटले बिचारे.

दोन वाजता माझी ड्यूटी संपते. पावणेदोनला मी पुढच्या सिस्टरला चार्ज द्यायला टेबलापाशी गेले. जाण्याआधी डावा हात बघितला. नळी स्वच्छ, वेढा जागेवर, पट्टी घट्ट. महादेवच्या हातात तात्यांचा पंजा. मी म्हणाले, "धरून ठेवा हं. मी आलेच."

"व्हय, सिस्टर."

दहा मिनिटं झाली असतील. आजीची किंकाळी ऐकू आली.

महादेवला झोप लागली होती. बसल्या बसल्या, कपाळ कॉटच्या काठावर. तात्यांचा हात त्याच्या हातातून कधी निसटला, त्याला कळलंही नाही. त्यांनी सगळंच ओढून काढलं होतं... क्रेप, पुठ्ठा, गॉझ, वेढा, नळी. चादर रक्तानं भिजलेली आणि तात्या शांतपणे छताकडं बघत पडलेले. माझी इतक्या काळजीची बांधणी त्यांच्या पोटावर गोळा होऊन पडली होती. वाटेत कुणी अडवलं नव्हतं.

मी, पुढची सिस्टर आणि मॅडम, तिघींनी मिळून तासभर दोन्ही हात, दोन्ही पाय शोधले. हातांना गरम पाण्याचा शेक दिला, दंड बांधला, मूठ वळून धरली. चोवीस नंबरची, लहान मुलांना लावतात ती पिवळी नळीसुद्धा लावून पाहिली. शीर लागायची आणि लगेच फुटायची. अखेर मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बास करा आता. त्यांना त्रास होतोय."

महादेव भिंतीला पाठ लावून उभा होता. "म्याच सोड म्हनलं," एवढंच तो पुटपुटत होता. "म्याच सोड म्हनलं तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तात्या गेले. मी ड्यूटीवर होते. शेवटपर्यंत त्यांचा उजवा हात अंथरुणावर पडून होता, एकदाही उठला नाही. मी दोन्ही हात पुसले, सुयांच्या जागी कापूस लावला. मनगटावरचे डाग पिवळे पडत चालले होते, जखम भरताना पडतात तसे.

याचा अर्थ मला विचारू नका. मॅडमचं म्हणणं अजून तेच आहे — सोडियम, झटके, म्हातारी कातडी. ते बरोबर असेल. आजीनं सांगितलं त्याआधी मला त्यांच्या घरचं भूकंपातलं काही माहीत नव्हतं, तरी मी मनगटावर लहान बोटं पाहिली होती, एवढंच मला त्यात बसवता येत नाही. आणि समजा ते सगळं खरं धरलं, तरी ती त्यांना जगवायला धरून ठेवत होती, की तेव्हा सोडलं म्हणून आता सोडत नव्हती? मला कळत नाही. हा विचार भाकरी थापताना येतो, मुलीचा हात धरून रस्ता ओलांडताना येतो. मी आता वॉर्डात असल्या गोष्टींवर हसत नाही. बोलतही नाही.

तेराव्यानंतर महादेव मृत्यूच्या दाखल्याच्या कागदासाठी आला होता. डोकं भादरलेलं, आणखी वाळलेला. कागद झाला तरी तो जाईना. माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिला. शेवटी मी विचारलं, "काय हवंय, महादेवभाऊ?"

"सिस्टर, किडन्या गेल्याच हुत्या ना? सलाइन ऱ्हायली असती तरी...?"

"तरी दोन-चार दिवसच," मी म्हणाले. आणि हे खरं होतं. "तुमच्यामुळं काही झालेलं नाही."

त्यानं मान हलवली. त्याला ते आधीच कुणीतरी सांगितलं असणार. मग इकडंतिकडं बघून त्यानं शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

"तुमची नजर तयार हाय," तो म्हणाला. "म्या रोज सकाळी बघतो. मला काय दिसत न्हाय. तुमी बघा."

मी त्याला खिडकीपाशी नेलं. हात उजेडात धरला. मनगट वरून पाहिलं, खालून पाहिलं, कातडी ताणून पाहिली. मोटारीच्या ग्रीसचा एक डाग होता, तो स्पिरिटनं पुसून पाहिला. त्याखालीही काही नव्हतं.

तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"काही नाही," मी म्हणाले.

"नीट बघितलं?"

"हो."

त्यानं बाही खाली केली, बटण लावलं, दाखल्याच्या कागदाची घडी खिशात घातली आणि पाय ओढत बाहेर गेला.